बिनवाळूचा जवळा

दिवाळे गावात, जेट्टीकडे उतरणाऱ्या गल्लीत
चांगुणा आत्याची खाट,
खाटेवर जाळी, जाळीवर जवळा,
खाटेखाली मांजर.
तिच्या नावाची वेबसाइट मी केली
महाप्याच्या ऑफिसातून सुटल्यावर, अकरा रात्री बसून.

सकाळी तिनं विचारलं, "आयला का गो कोन?"
म्हटलं, आत्या, आधी कोळी यावा लागतो.
"आपल्यातला?"
नाही गं, जाळ्यावरचा. आठ पायांचा म्हणतात,
म्हणजे पाय नाहीतच त्याला.
एका पानावरून दुसऱ्या पानावर
दुव्याच्या धाग्यानं सरकतो,
दिसेल ते वाचतो, वाचलेलं घेऊन जातो,
भाव करत नाही.
"मंग जालं कोनाचं?"
सगळ्यांचं.
हे तिला पटलं नाही.
सगळ्यांचं जाळं
फाटलं की शिवायला कुणी बसत नाही, म्हणाली.

मग मी तिला वही समजावली.
नेलेलं तो एका टोपलीत ओतत नाही,
शब्दाशब्दानं निवडतो.
बोंबील म्हणणारी पानं एका ओळीत,
वाकटी म्हणणारी दुसऱ्या.
गिऱ्हाइकानं विचारलं की
दर वेळी दर्यावर जात नाही, वही उघडतो.
कुणाचं नाव किती जणांच्या तोंडी आहे
तेही बघतो, आणि मग कुणाला पुढे बसवायचं ते ठरवतो.
वहीत नसलीस, तर तू नाहीसच.
"रेशनच्या हापिसासारका," आत्या म्हणाली,
आणि तिला सगळं कळलं.

गणपती गेले. नवरात्र गेलं.
रोज रात्री मी शोधायचे: दिवाळे सुकी मासळी.
ते विचारायचं, तुम्हाला दिवाळी म्हणायचं आहे का?
आणि चकल्या दाखवायचं.
सीवूड्सचा एक जण म्हणाला,
बारा हजारांत पहिला नंबर देतो.
"पयला नंबर काय त्याच्या बापाचा हाय?"
मी त्याला एवढंच कळवलं, की नको.

एका रविवारी सापडलं.
काम चालू होतं तेव्हा मीच
दाराला एका ओळीची पाटी लावली होती:
नोंद करू नये.
ती काढायची राहिली.
कोळी येत होता.
दर चार-पाच दिवसांनी येत होता,
पाटी वाचून मुकाट मागे फिरत होता.
इतकं ऐकणारं माणूस
आमच्या अख्ख्या गल्लीत नाही.

पाटी काढली. आत्याला अजून सांगितलेलं नाही.

राहिले फोटो.
फोटो त्याला धड कळत नाही, वास तर नाहीच,
खाली शब्द लिहावे लागतात.
मी लिहिलं होतं: उत्तम दर्जाचा जवळा.
"ह्यो कोन बोलतं?" आत्या म्हणाली. "लिव.
तीन उन्हं खाल्लेला.
भुईला न लागलेला.
दातात कचकत नाय.
बिनवालूचा जवला."
मी दोन्हीकडे ळ लावला.
तिनं मला ऐकू जाईल असा सुस्कारा टाकला.
मग एका फोटोखाली माझा ळ,
दुसऱ्याखाली तिचा ल.

परवा हिशेबाच्या पानावर पहिली रेघ उमटली.
कुणीतरी विचारलं होतं:
बिनवालूचा जवला कुठं भेटल.
एक जण. एकदा.
आम्ही सातव्या नंबरावर,
आणि तो सहा दारं ओलांडून आला होता.

"कंच्या गावचा?"
ते दाखवत नाहीत, आत्या.
"दाखवलंय की. बोलनं वाच."
ती उठली.
चाळून डब्यात भरलेला जवळा
परत सुपात ओतला, चाळायला बसली.
आता कशाला, मी म्हटलं.
"लिवलंय ना तू," म्हणाली,
आणि सुपाच्या कडेला
बोट फिरवून पाहिलं.