संकट आगतैती

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडं,
झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली.
मालगाडी जाताना भिंतीवरची प्रमाणपत्रं थरथरतात
आणि समोरचा माणूस बोलता बोलता थांबतो.
गाडी जाईपर्यंत मीही थांबते.
पुष्कळदा खरं वाक्य त्यानंतर येतं.

तो आला तेव्हा मी नवी होते.
मराठीत त्यानं घर सांगितलं, नोकरी, झोप, थोरला भाऊ.
मग गाडी गेली, आणि छातीवर हात ठेवून
कन्नडमध्ये म्हणाला, संकट आगतैती.
मी वहीत लिहिलं : घरावर कसलंसं संकट.
तीन बैठका मी त्या संकटाचा पत्ता विचारत राहिले.
कर्ज आहे? कोर्टकचेरी? कुणी आजारी?
तो बघत राहायचा,
चुकीच्या घरात जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखा.

शेवटी खाली इराप्पाला विचारलं.
फक्त शब्द विचारला, कुणाचा ते नाही.
कागद सारखे करत इराप्पानं स्वतःच्या पोटावरून हात फिरवला :
आत कालवतं की हो बाई, तसं.

माझं चुकलं, असं मी त्याला सांगितलं.
तीन बैठकांचे पैसे परत केले.
पाकिटात घालता येण्यासारखं तेवढंच होतं.

मग दीड वर्ष तो येत राहिला
आणि एक दिवस यायचा थांबला, चांगल्या कारणानं.
हेही खरं तर जास्त सांगून झालं.

सहा वर्षांनी आत्याचा फोन.
गौतमीला वडगावचं स्थळ आलंय.
(वडगाव नव्हे. गाव बदललंय मी.
आत्या कदाचित मावशी असेल.)
पोरगा तुझ्या जिन्यावर दिसायचा म्हणे,
तुला ठाऊक असंलच की गे.
मी कुणाबद्दलच सांगत नाही, आत्या.
परकी आहे काय पोरगी? तुझ्या मांडीवर खेळलेली.
काय गे, बोलूलीस का न्हाईस?

गप्प बसणं आयत्या वेळी जमत नाही.
एका नावापुरतं गप्प बसलं
तर ते नाव चावडीवर ओरडल्यासारखंच.
म्हणून पहिल्यापासून मी सगळ्यांबद्दल गप्प :
शहापूरचा दातांचा डॉक्टर, खानापूरचा मास्तर,
निपाणीचं तंबाखूच्या वखारीचं स्थळ,
ज्यांना मी उभ्या जन्मात पाहिलं नाही
त्यांनाही माझा तोच आखूड जबाब.
घरात मला आखडू म्हणतात.
हे नाव मी कशासाठी कमावत होते
ते त्या फोनवर कळलं.

त्याच्यापासून कुणाला धोका असता तर नियम वेगळा आहे.
तो मला पाठ आहे. रात्री दोनदा म्हणून पाहिला.
इथं तसलं काही नव्हतं.
जे होतं ते त्याचं होतं, सांगायचं तर त्यानं.
पण गौतमीचे लहानपणचे दोन पुढचे पडके दात
पहाटेपर्यंत डोळ्यांसमोर होते
आणि आत कालवत होतं.
मराठीत मला त्याला शब्द सापडेना.

मांडवात आत्यानंच ओळख करून दिली.
मी नुसते हात जोडले.
ओळखायचं की नाही, हे ठरवणं त्याच्याकडं.
नमस्कार, तो म्हणाला, आपण कुठं असता?
टिळकवाडीत.
तिकडं गाड्यांचा आवाज फार.
सवय होते, मी म्हटलं.
मग फोटोवाल्यानं त्याला ओढून नेलं.

दिवाळीला गौतमी आली, कुंद्याचा डबा घेऊन.
आत्या आत चहा टाकत होती तेवढ्यात
जवळ सरकून हळूच म्हणाली,
ताई, त्यानं मला सगळं सांगितलंय.
साखरपुड्याच्या आधीच. तुझ्याकडं यायचा तेही.

मी डब्याचं झाकण काढलं.
कुंदा अजून कोमट होता.
कसलं गे, मी विचारलं.