पाठिंब्याचा रकाना

आधी नाव लिहून घ्या साहेब, नीट:
चिपेगो सिआमाचोका, गिरणीवाली.
या शाळेच्या बाकांवर मी शिकले नाही,
पण इथल्या निम्म्या पोरांच्या पोटात
माझ्या गिरणीचं पीठ गेलंय.
तुमच्या फॉर्मवर दोन रकाने आहेत. हरकत. पाठिंबा.
माझं म्हणणं कुठल्याच चौकोनात मावायचं नाही,
तरी बोलते.

काल वीज आली रात्री एक चाळीसला.
रांगेत सव्वीस बायका,
मक्याच्या बादल्यांना डोकं टेकून झोपलेल्या.
मोटर गुरगुरली तशी कुणीतरी टाळी वाजवली.
पन्नास मिनिटं.
अकरावी बादली मुटिंताची. अर्धी दळली, आणि गेली.
तिने पीठ आणि भरडा एकाच टोपात शिजवलं.
सकाळी पोरं दाणे निवडून थुंकत होती,
तांदळातले खडे थुंकावेत तशी.

लुसाकाहून आलेल्या बाई मघाशी म्हणाल्या, राख.
म्हणाल्या, पारा, फुप्फुसं, मासे.
बाई, मी तुमचा शब्द खाली पडू देणार नाही.
जुन्या खाणीच्या अंगाला माझी बहीण राहते,
तिचे धुतलेले कपडे दोरीवरून करडे होऊन उतरतात.
आणि शेवटच्या बाकावरून हेही ऐकलं मी
की पाऊस फिरला तो या धुरानेच,
देशोदेशीच्या धुराने,
म्हणून तलाव आटला, धरणाची यंत्रं कोरडी बसली.
म्हणजे ज्या कोळशाने पाणी नेलं
त्याच्याच दारात मी हात पसरते.
पसरते. काय करू?
ज्यांनी शंभर वर्षं जाळला
त्यांच्या फ्रीजमध्ये दार उघडताच दिवा लागतो,
शहाणपण तेवढं माझ्या वाट्याला येतं.

धरणाचंही सांगते.
आईला लॉरीत चढवलं तेव्हा ती सात वर्षांची.
झांबेझीकाठचं गाव, कबरी, चिंचा, सगळं पाण्याखाली.
सांगितलं होतं, वीज होईल.
झाली की.
आमच्या डोक्यावरून गेली, उत्तरेला, तांब्याच्या खाणींकडे.
तारेखाली आम्ही रॉकेल जाळलं.
आई म्हणायची, तार रात्री गुणगुणते,
बुडालेली माणसं बोलतात.
मला विचाराल तर तो नुसता करंट होता,
दुसऱ्या कुणाचा.

सोलर? आहे ना. छपरावर, कुणी दान दिलेलं.
एक बल्ब, दोन मोबाइल.
माझी वीस हॉर्सपॉवरची मोटर दाखवली
तर बिचारं ढगाआड तोंड लपवतं.
मोठ्या बॅटरीचा भाव विचारायला गेले होते.
दुकानदाराने आधी खुर्ची दिली, मग भाव सांगितला.
उद्या कुणी ती बॅटरी माझ्या दारात आणून ठेवली
तर हा कागद मी तुमच्यादेखत फाडेन.
कोण आणतंय? हात वर करा.

बरं.

दवाखान्याचं चोओल्वेने सांगायचं होतं, तो नर्स आहे.
टॉर्च दातांत धरून नाळ कापतो.
तो तिथे दाराशी उभा आहे, बोलणार नाही.
परवापासून कुणाशीच बोललेला नाही.
त्याचं मी सांगणार नाही.

तर लिहा, पाठिंबा.
पण खाली, कोऱ्या जागेत, मी सांगते तसं:
राखेचं तळं ओढ्यापासून लांब.
चिमणी बहिणीच्या घराच्या वाऱ्यावर नको,
आणि कुणाच्याच बहिणीच्या नको, जमलं तर.
तार या वेळी खाली उतरू दे,
शाळेत, दवाखान्यात, माझ्या गिरणीत.
आणि हे बंद कधी करणार ती तारीख आजच घाला,
सुरू करायच्या तारखेला खेटून.
माझी नात आत्ता तीन वर्षांची आहे,
ती येईल तपासायला. पाढे येतील तिला तोवर,
उजेडात शिकलेले.

काय? एवढी जागा नाही फॉर्मवर?
उलटा करा, साहेब.
मागची बाजू कोरी आहे.