पेंदिएंते

पहिल्यांदा भेटला तो निकानोरच्या दुकानात,
तेलकट वहीत, एतेल्विनाच्या नावापुढे:
पाव, साबण, सार्डिनचे दोन डबे,
आणि समासात तिरकं, पेंदिएंते.
शब्दकोश काढला. बाकी. येणं.
चला, एक शब्द कळला म्हटलं,
आणि पिशवी घेऊन चढ चढू लागले.

चढावरच त्याने पुन्हा गाठलं.
दुधाचा ट्रक पहिल्या गियरवर कण्हत होता,
ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला,
काय ही पेंदिएंते, सेन्योरा!
उतार? चढ?
खालून वर बघणाऱ्याला आणि वरून खाली बघणाऱ्याला
एकाच शब्दात भागवतात ही माणसं.

शेजारचा शुआन गणितात नापास,
तर गणित त्याचं पेंदिएंते.
आमच्याकडे म्हणतात विषय राहिला,
जसा काही पाहुणा राहावा, जायचं नाव न घेणारा.

एतेल्विना माझी घरमालकीण.
एका कानात चांदीची कुडी,
दुसरी पाळी रिकामी, भोक बुजत आलेलं.
कुडी म्हणजेसुद्धा पेंदिएंते, फक्त पुल्लिंगी.
उतार असेल तर स्त्रीलिंगी.
माझ्या भाषेत नेमकं उलट,
म्हणून जीभ घसरली,
आणि मी विचारलं, तुमचा उतार कुठे हरवला?

हसली ती. ठसका लागेपर्यंत हसली.
मग ओट्यावरचं पाणी पुसत म्हणाली,
तोही हरवलाच की. खाण बंद झाली,
टेकाड सपाट केलं, गवत पेरलं, बाकं टाकली.
त्या दिवशी भोंगा झाला तशी मी धावत सुटले खाली,
वाटेत कधीतरी कान हलका झाला.
बेलार्मिनो सातव्या गॅलरीत होता.
नऊ जण वर आणले.
तो दहावा.

मी तिला सांगितलं नाही
की आमच्याकडे कुडी कानात असते,
आणि कुडी म्हणजे देहही,
ज्यातून प्राण जातो.
सांगता आलं असतं. क्रियापदंही येत होती.

परवा शेवटची बस चुकली.
साडेअकराला घाटातून चालत आले
तर स्वयंपाकघराचा दिवा चालू,
ती खिडकीशी, खांद्यावर शाल,
समोर सूप, वर साय धरलेलं.
रागावली नाही. एवढंच म्हणाली,
पेंदिएंते होते तुझ्यासाठी.

या खेपेला शब्दकोश काढला नाही.
जीव टांगणीला लागणं
मला कुणी शिकवावं लागत नाही.
सूप गार होतं. सगळं प्यायले.

सकाळी निकानोरकडे गेले,
तिचे चौदा युरो साठ सेंट दिले.
त्याने पेन्सिल जिभेला लावली
आणि समासातला शब्द खोडला.
निदान तेवढा एक.