साधं पाणी

मे महिना. कुपवाडला पत्र्याखाली रात्री अकरा वाजता
पंखा गरम हवाच ढवळतोय
आणि माझ्या स्क्रीनवर उणे सव्वीस.

गावाचं नाव मला वाचता येत नाही.
एक शेड, एक बल्ब, चाकं नसलेली पिवळी गाडी
आणि तिचे तीनशे बारा सुटे भाग.
मी घाम पुसतोय. आतला तो थरथरतोय.
दर दोन बोल्टांनंतर त्याला शेगडीकडं पळवायचं,
नाहीतर बोटं निळी पडतात, पाना सुटतो
आणि खाली पडलेला दहा नंबरचा पाना
तिथंही सापडत नाही.
तेवढं अगदी आपल्यासारखं.

त्रिशला म्हणते, दिवसभर गॅरेजात पोट भरंना होय?

हप्ताभर जोडत होतो.
हेडचे बोल्ट तीन दमात आवळले, मधून कडेकडे,
मिरजेत दस्तगीर मिस्त्रींनी शिकवलेले:
'मधनं बाहेर ने. चपाती लाटताना बघितली न्हाईस काय?'
टॅपेटमध्ये गेज घातला.
निघताना तो जरासा रुसला पाहिजे. रुसला.
चोक ओढला. स्टार्टर कण्हला, कण्हला,
आणि चौथ्यांदा गाडीनं धरलं.
शेडभर पांढरा धूर. मी खुर्चीतनं उठलो.

मग रेडिएटर भरला. नळाचं पाणी, काठोकाठ,
जसं आजवर भरत आलो
उसाच्या ट्रॅक्टरात, वडापच्या जीपमध्ये.
झोपलो. दोघंही.

त्याच्या सकाळी ब्लॉकला
वरपासून खालपर्यंत तडा.
ना घण, ना ठोका. नुसतं पाणी,
रात्रभर एका जागी उभं राहिलेलं.

रविवारी लॅपटॉप घेऊन मिरजेला गेलो.
मिस्त्री खाटेवर. उजवा हात मांडीवर ठेवलेला,
कुणीतरी सांभाळायला देऊन गेल्यासारखा.
तोंड थोडं वाकडं. कान शाबूत:
गल्लीतनं रिक्षा गेली, तिचा एक प्लग मेलाय
हे त्यांनी आधी सांगितलं, चहा नंतर.

तडा दाखवला. बराच वेळ बघत राहिले.
'पाणी फुगतंय?'
फुगतंय मिस्त्री. बर्फ होताना.
'आमच्यात तर आटतंय.'
मग हसले, अर्ध्या तोंडानं.
'चाळीस वर्सं इंजनं खोलली.
तापून मेलेली बघितली, तेलाविना मेलेली बघितली.
थंडीनं मेलेलं एक बी न्हाई.
शीतल, तुझं नावच गार. हे तुलाच घावायचं.'

नव्या ब्लॉकला आत पैसे नव्हते.
मग लाकडं फोडली, लोकांच्या दारात टाकली.
माऊस मिस्त्रींच्या डाव्या हातात;
दहातल्या सात वेळा कुऱ्हाड बर्फात.
शिव्या मात्र सगळ्या लाकडालाच लागल्या.

दिवेलागणीला ब्लॉक आला. मी जोडत गेलो,
ते डोळे मिटून पडून.
चालू केली तसे म्हणाले, 'बंद कर. दोन नंबर वाजतोय.'
हा खेळ आहे मिस्त्री, म्हणणार होतो.
झाकण काढलं. टॅपेट सैल.

या खेपेला कूलंट भरलं, हिरवं, अर्धंअर्धं.
गाडी शेडबाहेर काढली.
हेडलाइटच्या उजेडात बर्फ पडत होता, आवाज न करता,
जन्मात आम्ही दोघांनी न पाहिलेला.
मिस्त्रींनी विचारलं, वायपर चालत्यात का.
चालत होते.

निघताना मांडीवरच्या हाताकडं बघून म्हणाले,
'ह्यात बी कुणीतरी साधं पाणीच भरलं हुतं, बघ.'
मी चपला शोधत राहिलो. पायातच होत्या.

बाहेर रात्री नऊला भिंती अजून तापलेल्या.
मोटरसायकल पहिल्या किकला सुरू झाली.
तरी मी ती थोडा वेळ तशीच उभी ठेवली,
इंजिन गरम होईस्तोवर.