कोंबडे टेकडीपलीकडे

श्रीमती ब्रुनहोल्त्स,
तुमचं सतरावं पत्र मिळालं.
हो, समुद्र खोलीतून दिसतो.
हो, तो रात्रीही चालू असतो.
आवाज कमी करता येत नाही, क्षमस्व,
पण दाराला दुहेरी काच आहे,
आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या रात्रीपासून
माणसं ती स्वतःच उघडी टाकतात.

सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो.
जूनमध्ये, डिसेंबरमध्ये, कधीही.
इथे त्याला रेंगाळायची हौस नाही,
दिवा मालवावा तसा जातो.
तेव्हा तुमच्या आराखड्यात
‘संध्याकाळचा लांब फेरफटका’ या ओळीपुढे
मी पेन्सिलीनं लहानसं प्रश्नचिन्ह काढलंय.

तुम्ही विचारता, बेट खरंच शांत आहे का.
आहे. आम्ही करतो ते.
पहाटे पाचला फ्लाव्हियाँ वाळू झाडतो,
यंत्रानं नाही, माडाच्या हिरांच्या खराट्यानं,
आणि तुम्ही पडदा सारता तेव्हा
किनाऱ्यावर कुणी चाललेलंच नसतं,
फ्लाव्हियाँसुद्धा.
तो मागे मागे सरकत
स्वतःची पावलं पुसत गेलेला असतो.
धुण्याच्या गाड्यांना रबरी चाकं आहेत.
आम्ही मागच्या वाटेनं येतो-जातो,
ताकामाकाच्या झाडांआडून,
हसू आलंच तर वळणापर्यंत दाबून ठेवतो.
आणि कोंबडे, सगळे मिळून चौदा,
एका पाहुण्यांच्या तक्रारीनंतर
होडीत घालून टेकडीपलीकडे पाठवले.
त्यातला एक माझ्या आईचा. एका डोळ्याचा.
वारा वायव्येचा असला की
फार लांबून, कुणी पत्र्याचं दार उघडावं तसं
कधीतरी ऐकू येतं.
आधीच कळवून ठेवते.

एक बदल मात्र आहे.
चार नंबरच्या ओट्यावरच्या दोन्ही खुर्च्या
आम्ही डावीकडे सरकवल्यात.
वरच्या आडव्या फांदीवर
पांढऱ्या सुरयीनं अंडं घातलंय.
घरटं नाही. काडी नाही, पीस नाही.
सालीच्या खळग्यात नुसतं ठेवलेलं,
कामाच्या गडबडीत बाई चष्मा ठेवते
आणि विसरते, तसं.
मी रोज बघते. अजून आहे.
तुम्ही याल तोवर त्याचं काय होईल
हे मला लिहून देता येणार नाही.

उशांची यादी सोबत जोडली आहे.
ऑक्टोपसची करी तिखट नको, कळलं.
नीरफणस मात्र चाखून बघा,
तो खाल्लेला माणूस बेटावर परत येतो म्हणतात.
आम्हाला त्याचा काही उपयोग नाही.

इथवर ऑफिसचं पत्र.
खालचं मी लिहिते आहे, पण पाठवणार नाही.

मलाही अकरा दिवसांची रजा आहे, मेमध्ये.
माझाही एक कागद आहे, घड्या पडून मऊ झालेला.
व्हिक्टोरियाला, चुलतभावाकडे,
बसस्थानकासमोर, दुसरा मजला.
खिडकी रस्त्यावरची हवी,
हे मी त्याला दोनदा बजावलंय.
पहिली बस साडेपाचला घरघरते.
खाली मासळीवाला शंख फुंकतो.
रेडिओ तीन, तिन्हींवर वेगळं काही.
समोरच्या जिन्यात रोज कुणीतरी भांडतं
आणि कुणीही क्षमस्व म्हणत नाही.
मी खुर्ची खिडकीपर्यंत ओढत नेणार आहे,
फरशीवर करकर करत,
सावकाश.

आई म्हणते, लिझियान,
गोंगाटाला पैसे मोजतेस?
मोजते. बोटीचे, जातायेताचे.
ती थोडा वेळ तांदूळ निवडते.
मग म्हणते, बोट तिकडूनच वळसा घेते ना,
टेकडीमागून?
काठाशी उभी राहा जरा.
जिवंत असेल तर ओरडेल.