अस्तर

मुल्लांच्या अरमाननं बुटाच्या खोक्यातून आणला.
झाकणाला पेनानं पाडलेली भोकं, सतरा.
म्हणाला, मावशी, आमच्यात मांजर आहे, तुम्ही ठेवा,
अम्मीच्या ब्लाउजचे दीडशे राहिलेत ना, त्यात.
वय दोन महिने. रंग बिनआटवलेल्या अस्तराचा,
एका धुण्यात कळकट होतो तो पांढरा.
म्हणून नाव अस्तर.

पहिला दिवस मशीनखाली.
दुसराही.
मी पायडल मारलं की तो मागचा पाय आपटायचा, धप्प,
जणू खोली त्याची
आणि भाडं मी थकवलंय.

लेंड्या सगळीकडे. पायऱ्यांवर, कापडाच्या घडीत,
बटणांच्या डबीत एक.
चष्मा नव्हता, मी ती काजासमोर धरून पाहिली,
साइज बरोबर होता.

तासगावहून बेदाण्याचा रिकामा क्रेट आला होता,
त्याची एक बाजू करवतीनं उतरवली, उंबरा ठेंगणा केला,
तळाला जुना पेपर, वर उसाचं वाळकं चिपाड,
एका कडेला मूठभर सुकं गवत,
कारण हा म्हणे खाता खाताच बसतो.
क्रेट मोरीपाशी ठेवला.
मोरी तिथं आहे म्हणून.

तो गेला नाही.
तो गेला पिको मशीनच्या मागं, पूर्वेच्या कोपऱ्यात,
भिंतीवर पुराची रेघ आहे तिच्या बरोबर खाली.
मी ओरडले. तो दोन दिवस जेवला नाही नीट.
मीही.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हशीपाशी होते,
खांद्यापर्यंत हात आत.
मान न वळवता म्हणाले,
तुम्ही त्याला जागा दाखवू नका, बाई.
तो दाखवेल तिथं पाटी न्या.
आणि मारू नका. त्याला मार कळत नाही, फक्त तुम्ही कळता.

पिको मशीन सरकवायला तीन माणसं लागली.
चौगुल्यांची सुलोचना म्हणाली, सशासाठी?
मी म्हटलं, उजेड नीट येत नव्हता.
फरशी व्हिनेगरनं पुसली, क्रेट कोपऱ्यात बसवला,
ओल्या कागदाचा तुकडा आणि त्याच्याच चार लेंड्या आत ठेवल्या,
विरजण लावतात तसं.

मग वाट पाहायची. दुधाची पाहतो तशी,
सारखं झाकण उघडायचं नाही.

पूर आला त्या साली आम्ही शाळेत होतो,
सातवी ब, अकरा दिवस.
पुड्या आल्या, बिस्किटं, चादरी आल्या,
जो येई तो विचारी, जेवलात का?
मला एकच गोष्ट विचारायची होती
आणि कुणाला विचारावी कळत नव्हतं.
गर्दी पुरुषांची, संडास दोन, एकाला कडी नाही.
मी पाणी पिणं सोडलं.
तिसऱ्या रात्री शिपाईणबाई आल्या,
काही बोलल्या नाहीत,
शिक्षिकांच्या खोलीची किल्ली माझ्या मुठीत ठेवली
आणि बोटं मिटवली.
नाव विचारायचं राहिलं.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, लाइट गेलेली,
चिपाडाचा आवाज झाला.
तो क्रेटमध्ये चढून बसला होता, पाठ मला,
तोंडात गवताची काडी, शेवट हळूहळू आत जाणारा.
मी पायडल थांबवलं.
आणि खिडकीबाहेर बघत बसले,
त्याचं होईपर्यंत.

त्यानंतरच्या सोमवारी, भर दुपारी,
तो चालता चालता धाडकन कुशीवर पडला.
पाय ताठ, पोट वर.
माझ्या हातची कात्री सुटली, मी किंचाळले, मेला!
त्यानं एक डोळा उघडला,
पाहिलं कोण आहे,
मिटला.

वहीत मापं घेते त्या पानावर,
सुलोचनाच्या उंची, छाती, मुंढ्याखाली
मी लिहून ठेवलंय :
अस्तर. कोपरा पूर्वेचा. चिपाड दिवसाआड.
वायरी उचलून बांधणे.
रोज सकाळी दोन लेंड्या क्रेटबाहेर, उंबऱ्याशी,
त्या असू देणे.