एकतर्फी रेडिओ

माझा आवाज तुझ्या हेल्मेटात पोचतो, गेथिन,
तुझा माझ्यापर्यंत नाही.
हे यंत्रच तसलं. मी बोलायचं, तू ऐकायचं,
आणि उत्तर द्यायचं ते मागच्या लाल दिव्यानं.

बार्मथहून निघालो तेव्हा साडेआठ झाले होते,
ओहोटीनं खाडी उघडी पडली होती.
पहिल्याच फर्लांगात तू कडेला सरकलास,
चाक थेट गटाराच्या जाळीशी,
जिथं काच, खिळे, कुजकी पानं
आणि अख्ख्या गावानं झाडून लोटलेलं कायकाय.

मधे ये, म्हटलं. आणखी मधे.
तू वीतभर आलास.
कुणी नुसतं खोकलं असतं तरी परत गेला असतास.

तुझ्यासारखे मी ओळखते.
रांगेत कुणी पुढे घुसलं
तर सॉरी तुम्हीच म्हणता.
मागचा खोळंबला असेल, म्हणून अंग चोरता.
अंग चोरलंस की त्याला वाटतं, जागा आहे.
मग तो त्याचा आरसा तुझ्या कोपराशी घासत पुढे काढतो
आणि समोरून येतो दुधाचा टँकर.
भीड भिकेची बहीण, म्हणतात.
रस्त्यावर ती ॲम्ब्युलन्सची आई.

तुझी पट्टी तुझी आहे. पूर्ण रुंदीची.
मोपेडचा कर काही निम्म्या रस्त्याचा भरत नाहीस.

उभ्या गाड्यांपासून एक दार उघडेल इतकं लांब.
ती बाई पाव खातेय, ती तुला बघणार नाही.
लोखंडी झाकण ओलं असलं की साबण असतं.
व्हॅनच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा शोध.
तो दिसत नसेल, तर त्याच्या लेखी तू जन्मलाच नाहीस.
वळण्याआधी मान वळव, खांद्यावरून.
आरसा खोटं बोलत नाही,
पण सगळं सांगतही नाही.

(माझ्या हासळीत सात स्क्रू आहेत.
विमानतळावर शिटी वाजते.
त्या दिवशीही हे सगळं मला तोंडपाठ होतं.)

बोंथी गावाच्या पुढे रस्ता डावीकडे
दगडी भिंतीत शिरतो.
मी म्हटलं, उजवीकडे सरक, पांढऱ्या रेघेकडे,
म्हणजे वळणापलीकडचं दिसेल.
तू सरकला नाहीस.
उजवीकडे, गेथिन. ऐकू येतंय का?
लाल दिवा लागला.
तू मधेच राहिलास, वेग मात्र उतरवलास.
माझ्या जिभेवर आलेलं वाक्य
कुठल्याही शिक्षिकेला शोभलं नसतं.

तेवढ्यात आली ती,
गवताच्या गठ्ठ्यांनी फुगलेली ट्रॉली,
रेघेच्या अलीकडे हातभर लोंबत.
एक वाळकी काडी माझ्या काचेवर आपटून गेली.

पुढे तू होतास, मागे मी.
मला भिंत दिसत होती, तुला रस्ता.

पुढच्या थांब्यावर हेल्मेट काढून
पहिला शब्द काय, तर सॉरी.
कशाबद्दल? मी विचारलं.
तू बराच वेळ विचार केलास,
अर्धं सँडविच संपेपर्यंत.
पाण्याकडे बघत म्हणालास,
सवय आहे.

सोमवारपासून पहाटे चारला
बेकरीच्या वाटेवर तू एकटाच.
कानात मी नसेन.
मेंढ्या असतील रस्त्यात, आणि धुकं,
आणि घरी परतणारा कुणीतरी झिंगलेला.

परतताना मी फार बोलले नाही.
बटणावर अंगठा होता, एवढंच.
गावाजवळ दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या,
रस्ता चिंचोळा,
आणि आपल्या मागे एक काळी गाडी.
तिनं हॉर्न दिला. परत दिला. मग दाबूनच धरला.
मी अंगठा उचलला.

तुझा लाल दिवा
पट्टीच्या मधोमध
होता तिथंच चालत राहिला.